नाव नको, पलटण टाका: वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची मोफत शोधसेवा बेळगावकडच्या घरांना कितपत उपयोगी?

'पणजा बसऱ्याला गेला तो आलाच नाही.' बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या कितीतरी घरांत महायुद्धाचा इतिहास एवढ्या एका वाक्यात संपतो. सोबत फार तर एखादं पदक, एखादी काळी पडलेली पितळी थाळी, आणि तिथी विसरल्यामुळे सर्वपित्रीला वाढलेलं पान. त्या वाक्याच्या पुढे जायचं असेल तर पहिला दरवाजा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळाचा: सीडब्ल्यूजीसी डॉट ऑर्ग. १९१७ साली ही संस्था 'इम्पीरियल' नावाने निघाली, १९६० साली 'कॉमनवेल्थ' झाली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सुमारे सतरा लाख माणसांची नोंद तिच्याकडे आहे. सहा सरकारं खर्च उचलतात, त्यांत भारत सरकारही आहे. शोधायला पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही.

सेवा चांगली आहे, पण दोन्ही महायुद्धांसाठी सारखी नाही. दुसऱ्या महायुद्धात इटली, आफ्रिका, ब्रह्मदेशात पडलेला मराठा शिपाई बहुतेक वेळा सापडतो, आणि कधी कधी आईच्या नावासकट सापडतो. पहिल्या महायुद्धातला, विशेषतः मेसोपोटेमियातला (आजच्या इराकमधला), सापडायला चिकाटी लागते. कारणं दोन: आपण शोधतो चुकीच्या टोकाकडून, आणि त्या काळच्या नोंदीच लंगड्या आहेत.

चुकीचं टोक म्हणजे नाव. आपण नाव टाकून सुरुवात करतो. त्याऐवजी आधी घरातली ट्रंक उघडावी. लष्करी नंबर हाताशी असेल तर अर्धं काम झालं, आणि तो बहुधा घरातच असतो. पहिल्या युद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे आऱ्या असतात त्या जागी, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या युद्धातले तारे इंग्रज सैनिकांना कोरे मिळाले. भारतीय फौजेला दिलेल्यांवर मात्र मागच्या बाजूला नंबर-नाव ठोकलेलं असतं. अक्षरं पुसट असतील तर पदक खिडकीशी आडवं धरून उजेड बाजूने पाडावा आणि मोबाइलने जवळून फोटो काढावा. तरी दिसलं नाही तर पातळ कागद कडेवर ताणून शिसपेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवावी. खोलगट अक्षरं पांढरी उमटतात. चिंच, राख, पितांबरी यांतलं काहीही लावू नये. दिवाळीला पदक घासायची घरोघरची हौसच या अक्षरांच्या मुळावर आलेली आहे.

पितळी थाळी म्हणून जपलेली सुमारे बारा सेंटीमीटरची गोल वस्तू असेल, तिच्यावर सिंह आणि हातात पानांचं कडं घेतलेली बाई असेल, तर ती पहिल्या युद्धातल्या मृताच्या वारसाला मिळालेली स्मृतिपट्टिका. ती काशाची असते. तिच्यावर नंबर किंवा हुद्दा नसतो, एका चौकटीत फक्त उठावाच्या अक्षरांत नाव. तरी ती मोलाची, कारण फौजेच्या कारकुनाने नावाचं स्पेलिंग काय केलं होतं ते तिच्यावरून कळतं. शोधताना त्या स्पेलिंगनेच शोधायचं, आपल्या आधार कार्डावरच्या नव्हे.

आता पलटण. संकेतस्थळावर आजचं 'मराठा' हे स्पेलिंग टाकलं की हाती काही लागत नाही आणि माणूस निराश होऊन टॅब बंद करतो. त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं: एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. मधे एच, शेवटी टी दोनदा. रेजिमेंटच्या रकान्यात हेच घालायचं.

म्हाताऱ्या माणसांनी पलटणीचं टोपणनाव सांगितलेलं असेल तर ते टिपून ठेवावं, सोन्यासारखं आहे. 'जंगी पलटण' म्हणजे १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री. 'काळी पाचवी' म्हणजे १०५वी. त्यांशिवाय ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी पहिल्या युद्धात होत्या. १९२२ साली या सगळ्या एका रेजिमेंटखाली आल्या आणि तिला पाच नंबर मिळाला. १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी, आणि ११४वी प्रशिक्षणासाठी दहावी म्हणून बेळगावात बसली. आजच्या मराठा सेंटरचं मूळ तेच. त्यामुळे दुसऱ्या युद्धाच्या कागदावर ३/५ असं दिसलं तर ते तिसरी बटालियन, पाचवी रेजिमेंट असं वाचायचं. 'आजोबा पाचव्या मराठात होते' असं छातीठोक सांगणाऱ्या अनेकांचे आजोबा प्रत्यक्षात पहिल्या किंवा तिसऱ्या बटालियनचे निघतात. सगळ्यांच्याच कागदावर पाच आहे.

नंबर टाकल्यावर चार-पाच निकाल आले तर गोंधळू नये. तेव्हाचा नंबर अख्ख्या फौजेचा नव्हता, ज्या त्या रेजिमेंटचा होता. एकाच नंबरचा एक शिपाई मराठ्यांत असतो, एक पंजाब्यांत, एक गढवाल्यांत. पलटणीवरून आपला ओळखायचा.

नंबर नसेल तरच नावाकडे वळावं, आणि वळताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, भारतीय शिपायाचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या चौकटीत कोंबलेलं असतं. पहिल्या नावाची चौकट रिकामी ठेवून 'गणपत' किंवा 'राणू' हे आडनावाच्याच चौकटीत टाकून बघावं. दुसरी, कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं आहे. आपल्याकडे पवारचा उच्चार 'पोवार' होतो, म्हणून ए ऐवजी ओ घालून पाहावं. चव्हाणमध्ये व्हीच्या जागी डब्ल्यू, साळुंखेतला एच गायब, शिंदेतला एच जागा सोडून डीच्या मागे, यशवंतमध्ये ए ऐवजी ई.

हात बसवायला एक नाव फार सोयीचं आहे: नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. कोकणातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा नाईक तिसऱ्या बटालियनमधून १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबरच्या वरच्या खोऱ्यात पडला. त्यांची नोंद आडनावाने, पहिल्या नावाने, तारखेने अशी तीन वाटांनी काढून पाहिली की संकेतस्थळ कुठे अडतं आणि कुठे सोडतं ते दहा मिनिटांत कळतं. मग आपल्या माणसाकडे यावं.

गावाच्या नावाने शोधायची सोय आहे, आणि आपल्या भागासाठी या सेवेतला हाच सर्वांत रसाळ कोपरा. सविस्तर शोधात 'अधिक माहिती'चा रकाना असतो. आईवडील, बायको, गाव हे त्यात येतं. तिथे शहराचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायचं. बेळगावी हे नाव २०१४ चं, त्या नोंदींना ते ठाऊक नाही. पण जिल्ह्यांच्या जुन्या हद्दी माहीत नसतील तर इथे हमखास चकवा लागतो. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून आज कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्या चंदगडकराने बेळगावखाली बघायचं. याच्या उलट, बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. तिथला शिपाई बेळगाव टाकून मिळणार नाही. खानापूर दिसलं की लगेच आपलं समजू नये, सांगलीकडचं खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. जिल्ह्याचं नाव वाचल्याशिवाय नातं जोडू नये. (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या गावांचं भांडण आपल्याला पाठ आहे, मेलेल्या शिपायांचं मात्र अजून जुन्याच हद्दीत चाललंय.)

हुद्द्याची गाळणी लावूच नये. फौजेबरोबर गेलेला प्रत्येक जण बंदूकवाला नव्हता. भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाला, मजूर यांच्याही नोंदी आहेत, आणि त्यांच्या हुद्द्याच्या जागी तेच लिहिलेलं असतं. मराठा पलटणीत नाव नाहीच असं ठरलं तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअर), सर्व्हिस कोअरमध्ये (रसद पोचवणारे), पायोनियर्समध्ये (रस्ते-खंदक खणणारे) बघावं. महार समाजातल्या घरांनी दुसऱ्या युद्धासाठी महार रेजिमेंट टाकून बघावं. तिची पहिली बटालियन १९४१ साली बेळगावातच उभी राहिली.

निकालाचं पान उघडलं की हुद्दा, नंबर, मृत्यूची तारीख, पलटण आणि स्मरणस्थळ दिसतं. इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो तो 'कबर नाही' या गोष्टीचा. स्मशानभूमीऐवजी 'क्रिमेशन मेमोरियल' लिहिलेलं दिसलं की घरचे हळहळतात, आपला माणूस बेवारस गेला म्हणून. अर्थ उलटा आहे. त्याला अग्नी दिला, म्हणून कबर नाही, आणि नाव दगडावर आहे. इटलीत हिंदू आणि शीख सैनिकांसाठी अशी तीन स्मारकं आहेत. त्यांतल्या सांग्रो नदीकाठच्या एकावर पाचशेहून जास्त नावं आहेत. एरिट्रियातल्या केरेनलाही असंच स्मारक आहे, जिथे १९४१ साली दुसरी आणि तिसरी मराठा बटालियन डोंगर चढत होती. नुसतं 'कासिनो मेमोरियल' असेल तर मात्र मृतदेहाचा ठावठिकाणा लागला नाही असं समजायचं. त्या स्मारकावर चार हजारांवर नावं आहेत, घाडगेंचंही तिथेच.

ज्यांना स्वतंत्र शिळा मिळाली आहे, त्यांची शिळा जेमतेम मांडीपर्यंत येते, दोन फूट आठ इंच. हिंदू सैनिकाच्या शिळेवर इंग्रजी मजकुरासोबत देवनागरीत 'ओम् भगवते नमः' कोरलेलं असतं. कुणी इटलीला जाणार असेल तर स्मशानभूमीच्या पानावरचा नकाशा आणि आपल्या नोंदीतला प्लॉट, ओळ, क्रमांक एका कागदावर उतरवून न्यावा. तिथे नावाने शोधत फिरलं तर अख्खा दिवस जातो. फाटकाशी भिंतीत छोटं कपाट असतं, त्यात नावांची वही.

आता बसरा. खरं गाऱ्हाणं इथे आहे, आणि ते संकेतस्थळाच्या बटणांचं नाही. तुर्कांनी कुट गावाला घातलेल्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते शरणागतीपर्यंत म्हणजे २९ एप्रिल १९१६, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. तिथला शिपाई शोधताना तारखेकडे नीट बघावं. वेढ्याच्या आतली तारीख म्हणजे गोळी, भूक किंवा आजार. २९ एप्रिलनंतरची तारीख असेल तर बहुधा तुर्कांच्या कैदेतला मृत्यू. कैद्यांना पायी चालवत नेलं, त्या पायपिटीत फार माणसं गेली. नोंदीत बसरा मेमोरियल आणि पॅनेलचा, म्हणजे स्मारकाच्या दगडी फळीचा, आकडा मिळेल. पण त्या पॅनेलवर त्याचं नाव असेल अशी अपेक्षा ठेवू नये. मेसोपोटेमियात कबर न सापडलेल्या साडेचाळीस हजारांहून अधिक माणसांचं हे स्मारक १९२९ साली उघडलं. इंग्रज शिपायाचं नाव दगडावर आलं, आपल्याकडच्या सुभेदार-जमादारांचंही आलं, पण हिंदी शिपाई-नाईक-हवालदार पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यात मोजले गेले. नावं राहिली वहीत. अमारा इथल्या डाव्या काठावरच्या भारतीय स्मशानभूमीत सुमारे पाच हजार भारतीय सैनिक आहेत, त्यांतल्या फक्त नऊ जणांची ओळख पटलेली आहे. दफनाची नोंद तेव्हा फौजेनेच नीट ठेवली नाही.

कमिशनने स्वतः समिती नेमून हे तपासलं आणि एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. किमान १ लाख १६ हजार माणसांचं नावानिशी स्मरण झालेलं नाही, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असं त्या अहवालात आहे. त्यांतले बहुतेक भारतीय नव्हेत, पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन आहेत. पण पणज्याचं नाव शोधून सापडत नसेल तर दोष आपल्या शोधण्याचाच असेल असं नाही. आपल्या खानापूर तालुक्यातल्या देवळांबाहेर वीरगळ पडलेले असतात: खाली लढाई, मधे अप्सरा घेऊन चालल्यात, वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. नाव कुणालाच माहीत नसतं, पण निदान एका माणसाला एक दगड मिळालेला असतो.

बसऱ्याला जाऊन बघायचा विचार असेल तर हेही माहीत हवं की स्मारक मूळ जागी नाही. शत-अल-अरबच्या काठावरून ते १९९७ साली उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर आत नेलं. जुन्या पुस्तकातल्या नकाशाने जाणारा तिथे पोचणार नाही.

दिल्ली मेमोरियल किंवा इंडिया गेट असं दिसलं आणि घरात 'परदेशात मेला' अशी आठवण असेल, तर बहुधा वायव्य सरहद्द. घरच्यांच्या दृष्टीने पेशावरपलीकडचं सगळंच परदेश होतं.

नोंद सापडली की तिथूनच स्मरणपत्र पीडीएफमध्ये उतरवता येतं, फुकट. त्यावर नाव, पलटण, तारीख, स्थळ असतं. सगळं इंग्रजीत, मराठी-कन्नडची सोय नाही, आणि संपूर्ण संकेतस्थळाचं तेच आहे, म्हणून नावात चूक असेल तर ती तशीच छापून येते. ए-फोर आकारात, जाड कागदावर, 'फिट टू पेज' बंद करून छापावं. नाहीतर कडा आखडतात आणि फ्रेमच्या काचेखाली पांढरी पट्टी राहते. हे काढून देण्याचे कुणी शंभर-दोनशे मागत असेल तर तो झेरॉक्सचा दर म्हणून द्यावा, शोधाचा म्हणून नव्हे. आणि हा कागद स्मरणाचा आहे, त्यावर पेन्शन, जमीन किंवा दाखला मिळत नाही.

पूर्ण पलटणीची यादी हवी असेल, गावच्या चावडीवरच्या संगमरवरी पाटीवर नुसता आकडा आहे आणि नावं शोधायची आहेत अशा वेळी, तर शोधाचा निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतो. एक्सेलमध्ये 'अधिक माहिती'च्या रकान्यावर गावाच्या चार-पाच स्पेलिंगांनी गाळणी लावावी. पाटीवरचा आकडा आणि यादी क्वचितच जुळते. पाटीवर गेलेले आणि मेलेले असे दोन आकडे असतात, घाईत पहिलाच आकडा मृतांचा धरला जातो.

चूक दुरुस्त करून घेता येते, गाळलेलं नावही घालता येतं, पण अटी पक्क्या आहेत. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला हवा. नोकरीत असताना झालेला, किंवा सुटून आल्यावर नोकरीतल्याच जखमेने वा आजाराने. पुरावा म्हणून लष्कराचा किंवा सरकारचा कागद लागतो. आजीची आठवण, गावच्या पंचांचं पत्र, जुना फोटो यांवर नाव चढत नाही. कागदाचा स्पष्ट स्कॅन, त्याचा इंग्रजी तर्जुमा, नंबर आणि पलटण एवढं एकाच ईमेलमध्ये द्यावं. मागून एकेक तुकडा पाठवला की प्रकरण लांबतं.

१९४७ नंतरच्यांसाठी हे दार नाहीच. काश्मीर, बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, श्रीलंकेतली शांतिसेना ही सगळी नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या नोंदीत बघायची. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडलं, आणि त्याच्याही संकेतस्थळावर नावाने शोध आहे.

सगळं हाती आल्यावर बरीच घरं शेतात किंवा दारात दगड बसवतात, आणि सगळ्या कष्टांवर पाणी पडतं ते तिथेच. कोरीवकामवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी मजकूर पाठवला की त्याच्या संगणकात जोडाक्षरं फुटतात. 'इन्फन्ट्री'तला न मोडका येतो, 'र्‍या'चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि यंत्र ते इमानेइतबारे ग्रॅनाइटवर कापतं. मजकूर चित्र किंवा पीडीएफ म्हणून द्यावा. कापण्याआधी खऱ्या मापात कागदावर छापून घ्यावा. घरातल्या शिकलेल्या मुलाने नाव तपासावं, दुसऱ्या कुणीतरी नंबर पदकाशी ताडून बघावा. नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवलेला बरा, पुढे कुणाला पडताळायचा झाला तर तोच रकान्यात घालावा लागतो. बटालियन आणि रेजिमेंट दोन्ही लिहावीत. तारीख नोंदीतली लिहावी, तिथी पंचांगावरून काढून तिच्याखाली. स्मरणस्थळाच्या जागी 'बसरा' एवढंच पुरे, पॅनेलचा आकडा दगडावर घालू नये.